परिच्छेद अकरातला एक शब्द

लातूरच्या वकिलानं वादपत्र इंग्रजीत धाडलं.
उदगीरच्या कोर्टासाठी ते मराठीत करायचं काम माझं,
पानामागं ठरलेले पैसे, झेरॉक्स वेगळी.

दहा परिच्छेद सरळ गेले.
चतुःसीमा: पूर्वेस कल्याण्यांची गिरणी,
पश्चिमेस बोळ.
दोन खोल्या, वर पत्रा, एक नळ.
मालक गिरजाबाई उटगे, वय एक्याऐंशी,
सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त आया.
बक्षीसपत्र केलं शेजारच्या हसीनाच्या नावानं,
वादी म्हणून पुतणे तिघं.
अकराव्यात बैल बसला:
अनड्यू इन्फ्लुअन्स.

इन्फ्लुअन्सचं काही नाही,
प्रभाव म्हणा, दबाव म्हणा, उठतो.
अडवलं ते पुढच्या शिंगानं.

कोश काढला. अवाजवी. नाहक. बेजा. गैर.
फाजील.
फाजीलपाशी वडील आठवले.
निजामाच्या वेळी ते मुन्सफ कोर्टात नकलनवीस.
म्हणायचे, आमच्या उर्दूत फाजील म्हणजे विद्वान,
तुमच्या मराठीत आला अन् आगाऊ झाला.
शब्दाला गाव बदललं की चाल बदलते.

पेन्सिलीनं लिहिलं: अवाजवी दबाव.
खोडलं नाही. पटलंही नाही.
वाजवी दबाव मग किती असतो?
तोळ्यात देतात का पायलीनं?

शिवाय ह्याच शब्दाचा भाऊ आमच्यात रोज हिंडतो.
लाइट बिलावर ड्यू डेट,
बचत गटाच्या वहीत लाल शाईनं ड्यू सहाशे,
पोराचा दाखला काढायचा तर नो ड्यूज.
ड्यू म्हणजे देणं.
मग अनड्यू म्हणजे
एवढ्यात लाइट गेली
आणि मी पेन्सिलीवरच शाई फिरवली.

तारखेला गिरजाबाई रिक्षातून उतरल्या
हसीनाच्या खांद्याला धरून.
वकिलानं माझाच कागद समोर धरून वाचलं,
"अवाजवी दबाव. म्हणजे, आजी,
ह्या बाईचा तुमच्यावर जास्तीचा दाब होता का?"

"दाबायची की," म्हातारी म्हणाली.
"रोज. रातच्याला. गुडघ्याच्या खाली.
पिंढऱ्या लई वळायच्या माझ्या."

"जास्ती?"

"जास्ती कुठलं. मला डोळा लागला की उठायची.
तिला बी पहाटं डबे करायचे असायचे."

मागं कुणीतरी हसलं. शिरस्तेदार खोकला.
साहेब म्हणाले, जसं बोलल्या तसं घ्या.

वकिलानं चष्मा पुसला.
"महिन्याला काय द्यायच्या हिला?"

"काई नाही.
ती माझं देणं लागत नव्हती,
मी बी तिचं नव्हते लागत.
म्हणून तर खोल्या दिल्या.
देणं असतं तर फेडलं असतं,
दिलं कशाला असतं?"

संध्याकाळी वकिलाचा माणूस आला,
जबानीची इंग्रजी प्रत पाहिजे म्हणून.
बसलो.
देणं नव्हतं: नॉट ड्यू.
कागदाकडं बघितलं तर घाम फुटला.
म्हातारीचं खरं बोलणं
मी नीट, इमानानं पलीकडं नेलं
तर तिथं ती कबुली होऊन उभी राहणार होती.

मी नुसतं बसून राहिलो.
मग ते एक वाक्य तसंच ठेवलं, देवनागरीत,
इंग्रजीच्या मधोमध,
अन् समासात लिहिलं, पहा मूळ.
त्या पानाचे पैसे कापले वकिलानं.
वाजवी होतं.

निकाल लागला तेव्हा माझी बैठक देवणीला गेली होती,
कुणाकडं गेला ते मी विचारलं नाही.
त्या दिवसाचं एवढंच डोळ्यांपुढं आहे:
कोर्टाच्या पायरीवर गिरजाबाई टेकलेल्या,
हसीना रिक्षा बघायला फाटकापाशी,
आणि धाकटा पुतण्या,
भावांची पाठ वळलेली बघून,
थंड पाण्याची बाटली काकूच्या पायाशी ठेवून
काही न बोलता
पानटपरीकडं निघून गेला.